‘रुब्रिक’ म्हणजे नेमकं काय? सुताराच्या गेरूपासून मास्तरांच्या लाल शाईपर्यंत एका शब्दाचा प्रवास

न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियममध्ये एक लाकडी पाटी ठेवलेली आहे. ती इजिप्तमधली, जवळपास ४ हजार वर्षं जुनी. पाटीवर पांढरा लेप दिलाय आणि त्यावर एका विद्यार्थ्याने काळ्या शाईने पत्राचा नमुना उतरवून काढलाय. पोराचं शुद्धलेखन काही फारसं बरं नव्हतं. कारण त्याच्या काळ्या अक्षरांवर जागोजागी लाल शाईने दुरुस्त्या केलेल्या आहेत. त्या गुरुजींच्या.

म्हणजे तपासलेली वही हातात पडल्यावर आधी लाल खुणा मोजायच्या आणि मगच मार्क बघायचे, हा अनुभव फक्त आपल्या पिढीचा नाही. पिरॅमिडवाल्या देशातल्या मुलांनीही तो घेतलेला आहे.

आता आजच्या काळात या. शाळेच्या पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर मेसेज येतो, ‘प्रोजेक्टचं मूल्यमापन रुब्रिकनुसार होईल.’ बीएड करणाऱ्यांना हा शब्द पाठ असतो. कॉलेजात प्रेझेंटेशन असलं की ‘रुब्रिक बघितलंस का?’ असं एकमेकांना विचारलं जातं. पण बऱ्याच पालकांना प्रश्न पडतो, की हे रुब्रिक काय प्रकरण आहे? रुबिक क्यूबशी याचा काही संबंध आहे का?

तर नाही. रुबिक क्यूबला त्याचं नाव मिळालं ते एर्नो रुबिक या हंगेरियन माणसावरून. त्याने तो १९७४ मध्ये बनवला. ‘रुब्रिक’चा क्यूबशी संबंध नाही, पण त्या इजिप्तच्या पाटीवरच्या रंगाशी नक्की आहे. कारण रुब्रिक या शब्दाचा मूळ अर्थच ‘लाल’ आहे. इंग्रजीत ‘रुब्रिकेट’ असं क्रियापदही आहे. त्याचा अर्थ लाल रंगाने खूण करणं, लाल अक्षरांत लिहिणं.

मग लाल रंगाचा शब्द मूल्यमापनाच्या तक्त्यापर्यंत कसा पोहोचला?

सुरुवात झाली ती मातीपासून

लॅटिन भाषेत ‘रुबेर’ म्हणजे लाल. त्यावरून ‘रुब्रिका’ हा शब्द तयार झाला. रुब्रिका म्हणजे लाल माती. आपल्याकडे जिला गेरू किंवा काव म्हणतात, तीच ही. अंगणात तुळशीवृंदावनाला किंवा कुंडीला जो गेरू लावतात, तोच रोमन लोकांचा रुब्रिका.

या मातीचा रोजच्या कामातला मोठा गिऱ्हाईक होता सुतार. लाकूड सरळ कापायचं तर आधी सरळ रेघ हवी. त्यासाठी दोरी लाल मातीत भिजवायची, लाकडाच्या दोन टोकांना ताणून धरायची, मध्ये उचलायची आणि सोडून द्यायची. फटकन लाल रेघ उमटते. मग त्या रेघेवरून करवत चालवायची. आपल्याकडचे सुतार आणि गवंडीही हेच करत आले आहेत.

इथे एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. सुताराची लाल रेघ कापायच्या आधी मारली जाते. कापून झाल्यावर रेघ मारून काही उपयोग नसतो. ही साधी गोष्ट पुढे या शब्दाच्या गोष्टीत पुन्हा येणार आहे.

रुधिर, रोहित आणि रुबेला: सगळे एकाच घरातले

‘रुबेर’ हा शब्द परका वाटत असला तरी त्याचे नातेवाईक आपल्या रोजच्या बोलण्यात आहेत. संस्कृतमधला ‘रुधिर’ आठवा. रुधिर म्हणजे रक्त, आणि त्याचा जुना अर्थ लाल. भाषाशास्त्रज्ञ सांगतात, की संस्कृत, ग्रीक, लॅटिन आणि इंग्रजी या भाषांमधले लाल रंगाचे शब्द एकाच प्राचीन धातूतून आलेले आहेत. संस्कृतमध्ये त्यातला ‘ध’ टिकला आणि रुधिर झाला. लॅटिनमध्ये त्या ‘ध’चा ‘ब’ झाला आणि रुबेर झाला. ग्रीकमध्ये ‘एरिथ्रोस’ झाला, म्हणून तर लाल रक्तपेशींना डॉक्टर ‘एरिथ्रोसाइट’ म्हणतात. आणि इंग्रजीत झाला ‘रेड’.

रोहित हे नावही याच कुळातलं. रोहित म्हणजे लाल. त्यामुळे तुमच्या ओळखीत कुणी रोहित असेल तर तो शब्दाच्या नात्याने रुब्रिकचा चुलतभाऊ लागतो.

‘रुबी’ म्हणजे माणिक, हेही त्यातलंच. आणि शाळेत टोचून घेतलेली गोवर-रुबेलाची लस आठवते? ‘रुबेला’ म्हणजे लालसर, बारीक लाल पुरळ येणारा आजार. हे नाव १८६६ मध्ये हेन्री व्हील नावाच्या ब्रिटिश लष्करी डॉक्टरने सुचवलं आणि त्याने ज्या साथीचं वर्णन केलं होतं, ती भारतातली होती.

कायद्याचं नाव लाल अक्षरांत

रोममध्ये सुताराच्या हातातली ही लाल माती पुढे लेखनिकाच्या हातात गेली. कायद्याचा मजकूर काळ्या शाईत लिहायचा आणि त्याचं शीर्षक लाल रंगात, अशी पद्धत पडली. वकिलाला हवं ते कलम चटकन सापडावं, हा साधा हेतू. हळूहळू ‘रुब्रिका’ म्हटलं की लोकांना माती आठवेनाशी झाली. कायद्याचं शीर्षक आठवायला लागलं. पुढे तर प्रत्यक्ष कायद्यालाच रुब्रिका म्हणू लागले.

याच्या जोडीला आणखी एक शब्द यायचा, तो म्हणजे ‘अल्बम’. रोममध्ये न्यायाधिकारी आपले जाहीरनामे पांढऱ्या फळ्यावर लिहून चौकात लावत. लॅटिनमध्ये ‘अल्बस’ म्हणजे पांढरा, म्हणून त्या फळ्याला ‘अल्बम’ म्हणत. पहिल्या शतकातला वक्तृत्वाचा शिक्षक क्विंटिलियन कायदेपंडितांबद्दल बोलताना अल्बम आणि रुब्रिका हे दोन्ही शब्द एकत्र वापरतो. आज लग्नाचा अल्बम चाळताना आणि मुलाच्या प्रोजेक्टचं रुब्रिक वाचताना आपण रोमन कोर्टातले पांढरा आणि लाल हे दोन रंगच उच्चारत असतो.

काळं ते म्हणा, लाल ते करा

रोमन साम्राज्य गेलं, पण लाल शाई राहिली. मध्ययुगात युरोपात ग्रंथ लिहिण्याचं मुख्य काम मठांमध्ये चालायचं. प्रार्थनेच्या ग्रंथांत एक अडचण होती. धर्मगुरूने मोठ्याने म्हणायची प्रार्थना आणि त्याने करायची कृती, म्हणजे आता उभं राहा, आता हात जोडा, आता प्याला उचला, हे दोन्ही एकाच पानावर असायचं. वाचता वाचता कुणी सूचनाच प्रार्थना म्हणून वाचून दाखवली तर?

त्यावर तोडगा निघाला तो रंगाचा. म्हणायचं ते काळ्या शाईत आणि करायचं ते लाल शाईत. ‘काळं ते म्हणा, लाल ते करा’ असा त्याचा मंत्रच कॅथलिक धर्मगुरूंमध्ये रूढ झाला. नाटकाच्या संहितेत कंसातल्या सूचना असतात ना, तसंच काहीसं. कॅथलिक चर्चमध्ये वेदीवर जो मिस्साचा ग्रंथ असतो, त्यात आजही हीच पद्धत पाळली जाते.

इथे रुब्रिक शब्दाचा अर्थ पुन्हा एकदा सरकला. माती, मग शीर्षक आणि आता सूचना.

या कामासाठी खास कारागीर असायचे. त्यांना ‘रुब्रिकेटर’ म्हणत. लेखनिक काळ्या शाईत सगळा मजकूर लिहून काढायचा आणि शीर्षकांसाठी, प्रकरणाच्या पहिल्या अक्षरासाठी जागा मोकळी सोडायचा. मग पानं रुब्रिकेटरकडे जायची. तो लाल शाईने शीर्षकं भरायचा, मोठी अक्षरं काढायचा, वाक्याच्या सुरुवातीच्या अक्षरावर लाल फटकारा मारायचा, नवा परिच्छेद कुठे सुरू होतो त्याची खूण करायची.

तुम्ही वहीत नवा परिच्छेद लिहिताना सुरुवातीला थोडी जागा सोडता. मुद्रणाचा इतिहास सांगणारे अनेक जण म्हणतात, की ही सवयही इथूनच आली. छपाई वाढली तशी पुस्तकं इतकी झाली, की प्रत्येक पुस्तकात हाताने लाल खूण करायला माणूस मिळेना. खुणेसाठी सोडलेली जागा तशीच रिकामी राहिली आणि वाचकांना ती रिकामी जागाच परिच्छेदाची खूण वाटू लागली.

गुटेनबर्गलाही लाल शाईने हात टेकायला लावले

जर्मनीतल्या माइन्झ शहरात योहानेस गुटेनबर्गने १४५५च्या सुमारास बायबल छापलं. सुट्या धातूच्या खिळ्यांनी छापलेला युरोपातला हा पहिला मोठा ग्रंथ. पण या मोठ्या माणसालाही लाल रंग जड गेला.

सुरुवातीच्या काही पानांवर गुटेनबर्गने शीर्षकं लाल शाईत छापून बघितली. पण त्यासाठी तेच पान दोनदा छापावं लागायचं, एकदा काळ्यासाठी आणि एकदा लालसाठी. दुसऱ्या वेळी कागद केसभर जरी हलला तरी लाल ओळ काळ्या ओळीवर चढायची. वेळ दुप्पट, कष्ट दुप्पट. शेवटी त्याने तो नाद सोडला आणि लाल मजकुराची जागा मोकळी ठेवून पानं जुन्या रुब्रिकेटरच्या हवाली केली. कुठे काय लिहायचं हे त्यांना कळावं म्हणून वेगळी यादीही छापून दिली. त्या यादीच्या प्रती आजही शिल्लक आहेत.

गंमत पुढे आहे. गुटेनबर्गच्या बायबलवर छपाईची तारीख कुठेच नाही. मग ते कधी पूर्ण झालं हे कशावरून कळतं? जे पुरावे आहेत, त्यातला एक भक्कम पुरावा लाल शाईवाल्याने ठेवलेला आहे. पॅरिसच्या राष्ट्रीय ग्रंथालयातल्या एका प्रतीत माइन्झच्या हाइनरिख क्रेमर नावाच्या माणसाने आपलं काम संपल्याची नोंद केली. एका खंडावर १५ ऑगस्ट १४५६ आणि दुसऱ्यावर २४ ऑगस्ट १४५६. लाल अक्षरं भरून, सजवून, बांधून झाली म्हणजे छपाई त्याआधी झालेलीच होती.

पुढच्याच वर्षी, १४५७ मध्ये, योहान फुस्ट आणि पेटर शॉफर या दोघांनी माइन्झमध्येच स्तोत्रांचा ग्रंथ छापला आणि त्यात लाल आणि निळा रंग यंत्रावर छापून दाखवला. रुब्रिकेटरच्या पोटावर पाय यायला सुरुवात झाली ती तिथून. काही दशकांत हा व्यवसाय मागे पडला, शब्द मात्र उरला.

‘लघुचित्र’ हा शब्द एका गैरसमजातून आलाय

लाल खुणा करणारा आणखी एक शब्द आहे आणि त्याची गोष्ट फार मजेशीर आहे. लाल शाई फक्त गेरूची नसायची. शिशापासून एक केशरी-लाल रंग बनवत, त्याला लॅटिनमध्ये ‘मिनियम’ म्हणत. हा रंग महाराष्ट्राला नवा नाही. गावच्या वेशीवरच्या मारुतीला जो शेंदूर लावतात, तोच हा मिनियम.

मिनियमने रंगवायचं काम म्हणजे ‘मिनियारे’. मठातल्या ग्रंथांत मिनियमने अक्षरं सजवता सजवता शेजारी चित्रंही काढली जाऊ लागली. त्या चित्रांना इटालियन भाषेत ‘मिनियातुरा’ म्हणू लागले आणि त्यावरून ‘मिनिएचर’ आला. पुस्तकाच्या पानातली चित्रं अर्थातच आकाराने लहान असायची. त्यात ‘मिनी’, ‘मायनर’ असे लहानपणाचे शब्द कानावर असल्यामुळे लोकांना वाटलं, मिनिएचर म्हणजे लहान. आणि तोच अर्थ चिकटला.

आपण मराठीत त्याचं भाषांतर ‘लघुचित्र’ असं केलं. म्हणजे भाषांतर झालं ते शब्दाचं नाही, गैरसमजाचं. मुळाला धरून करायचं ठरवलं असतं तर ते ‘शेंदरी चित्र’ झालं असतं!

आपल्या पोथ्यांमध्ये काय होतं?

हे सगळं फक्त युरोपात चाललं होतं असं समजू नका. आपल्या हस्तलिखित पोथ्या उघडून बघितल्या तर तिथेही लाल शाई तेच काम करताना दिसते.

जुन्या पोथीत मजकूर सलग असतो. शब्दांमध्ये जागा नाही, परिच्छेद नाही. अशा सलग काळ्या ओळींमध्ये वाचकाला वाट सापडायची कशी? म्हणून ‘श्रीभगवानुवाच’, ‘अर्जुन उवाच’ अशी बोलणाऱ्यांची नावं, श्लोकांचे आकडे, दंड आणि अध्यायाच्या शेवटची ‘इति’ने सुरू होणारी ओळ लाल रंगात लिहीत. लाल शाईसाठी हिंगूळ खलून डिंकाच्या पाण्यात कालवत. जिथे वेगळी शाई नसे, तिथे काळ्या अक्षरांवरून नुसता गेरू चोळून ती जागा लाल करत.

वैदिक हस्तलिखितांमध्ये तर लाल शाईचं काम आणखी नाजूक. वेदमंत्रांत स्वर वर न्यायचा की खाली, यासाठी अक्षरांच्या वर-खाली लहान रेघा असतात. अनेक पोथ्यांमध्ये मंत्र काळा आणि स्वरांच्या या रेघा लाल दिसतात. म्हणजे काय म्हणायचं ते काळं आणि कसं म्हणायचं ते लाल. युरोपातल्या मठाचा आणि आपल्या पाठशाळेचा एकमेकांशी संबंध नव्हता, तरी दोन्हीकडे उत्तर एकच निघालं.

आणि लिहिताना चूक झाली तर? त्यासाठी पिवळा रंग होता, हरताळ नावाच्या खनिजाचा. चुकलेल्या अक्षरांवर हरताळ फासायची, म्हणजे ती झाकली जायची आणि वर नव्याने लिहिता यायचं. आजच्या व्हाइटनरचं हे जुनं रूप. ‘त्याने सगळ्या मेहनतीवर हरताळ फासला’ असं आपण म्हणतो, ते यावरूनच. बंद किंवा संप या अर्थाचा ‘हरताळ’ मात्र वेगळा. तो गुजरातीतून आला आणि दुकानाला कुलूप लावणं असा त्याचा मूळ अर्थ आहे.

थोडक्यात, आपल्या पोथीत दोन रंगांचे दोन धर्म होते. चूक झाकायची ती पिवळ्याने आणि वाट दाखवायची ती लालने.

मग लाल रंगाची भीती कधी बसली?

इजिप्तमध्येही लाल शाई फक्त चुका दाखवत नव्हती. तिथल्या लेखनिकाच्या पट्टीत शाईसाठी दोन खळगे असत, एक काळ्याचा आणि एक लालचा. औषधांची माहिती देणाऱ्या इ.स.पू. १५५०च्या सुमाराच्या एबर्स पपायरसमध्ये मजकूर काळा आणि शीर्षकं लाल आहेत. म्हणजे वाट दाखवणं आणि चूक दाखवणं ही दोन्ही कामं लाल शाई तेव्हापासून करत आली आहे.

दोन्हीत समान धागा एकच, तो म्हणजे अधिकार. लाल शाई ज्याच्या हातात, तो मजकुराच्या वर. भारत सरकारच्या कार्यालयीन पद्धतीच्या नियमांत फाइलवर लाल किंवा हिरव्या शाईने लिहिण्याची मुभा ठराविक वरिष्ठ अधिकाऱ्यांनाच दिलेली आहे, तीही क्वचित प्रसंगी. बाकीच्यांनी निळी किंवा काळी वापरायची.

हा अधिकार हातात आला की माणूस थोडा बदलतो, असंही दिसून आलंय. २०१० मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. लोकांना तोच निबंध तपासायला दिला, काहींना लाल पेन आणि काहींना निळं. लाल पेनवाल्यांनी जास्त चुका काढल्या आणि कमी गुण दिले. प्रयोग लहान होता, पण ज्यांनी प्रगती पुस्तकात विषयाखाली लाल रेघ पाहिली आहे, त्यांना त्याचं फार नवल वाटणार नाही. काही देशांतल्या शाळांनी तर लाल पेन बाजूला ठेवून हिरवं किंवा जांभळं पेन वापरायला सुरुवात केली.

लाल रेघ कुणाला दिसते, यावर सगळं ठरतं

लाल खूण किती महागात पडू शकते, याचं मोठं उदाहरण अमेरिकेतलं आहे. १९३०च्या दशकात तिथल्या एका सरकारी गृहकर्ज संस्थेने २०० हून जास्त शहरांचे नकाशे तयार केले. कुठल्या भागात कर्ज देणं सुरक्षित आणि कुठे धोक्याचं, हे रंगाने दाखवलेलं होतं. हिरवा सगळ्यात चांगला, मग निळा, पिवळा आणि शेवटी लाल. लाल म्हणजे धोका. कृष्णवर्णीयांच्या वस्त्या सरसकट लाल रंगात गेल्या.

हे नकाशे तिथल्या रहिवाशांना दाखवण्यासाठी नव्हतेच. अशा वस्त्यांतल्या माणसाला एवढंच कळायचं, की आपल्याला कर्ज मिळत नाही. का मिळत नाही, ते कुणी सांगायचं नाही. या पद्धतीला पुढे ‘रेडलायनिंग’ असं नाव पडलं आणि १९६८च्या कायद्याने घरांच्या बाबतीतल्या अशा भेदभावावर बंदी आली. पण तोवर एका पिढीला घर घेता आलेलं नव्हतं आणि ज्यांच्याकडे घर नव्हतं, त्यांच्या मुलांकडे वारशात यायला काही नव्हतं.

आता महाराष्ट्रातली लाल रेघ बघा. नदीकाठच्या शहरांच्या नकाशांवर जलसंपदा विभाग दोन पूररेषा आखतो. साधारण २५ वर्षांतून एकदा येऊ शकणाऱ्या पुराचं पाणी जिथवर पोहोचेल ती निळी रेषा आणि १०० वर्षांतून एकदा येऊ शकणाऱ्या पुराची ती लाल रेषा. निळ्या रेषेच्या आत, नदीच्या बाजूला, बांधकामाला मनाई असते. निळ्या आणि लाल रेषेच्या मधल्या पट्ट्यात अटी पाळून बांधकाम करता येतं. ‘१०० वर्षांतून एकदा’ म्हणजे आज पूर आला की पुढची ९९ वर्षं निर्धास्त, असा अर्थ नाही. दर वर्षी तसा पूर येण्याची शक्यता शंभरात एक, असा तो हिशेब आहे. कोल्हापूर, सांगली, पुणे इथे घर घेणाऱ्याने ही लाल रेषा आधी बघितली तर ती त्याला वाचवू शकते. पाणी घरात शिरल्यावर बघितली तर तिचा उपयोग फक्त हळहळायला.

रंग दोन्हीकडे लालच. फरक इतकाच, की एक रेघ लपवलेली होती आणि दुसरी दाखवण्यासाठी आखलेली आहे.

आता पुन्हा शाळेच्या ग्रुपवर

सूचना या अर्थाने रुब्रिक शब्द चर्चमधून बाहेर पडला आणि परीक्षेच्या पेपरवर येऊन बसला. ‘कोणतेही चार प्रश्न सोडवा’, ‘सर्व प्रश्न अनिवार्य आहेत’ अशा पेपरच्या डोक्यावरच्या सूचनांना ब्रिटनमध्ये आजही रुब्रिक म्हणतात. विसाव्या शतकात अमेरिकेतल्या शिक्षणतज्ज्ञांनी हाच शब्द उचलला आणि गुण कसे द्यायचे हे सांगणाऱ्या तक्त्याला तो चिकटवला.

समजा, मराठीचा निबंध आहे, २० गुणांचा. रुब्रिकमध्ये आधी निकष लिहिलेले असतात. विषयाची मांडणी, स्वतःचे विचार, भाषा आणि शुद्धलेखन, प्रत्येकाला ५ गुण. मग प्रत्येक निकषापुढे पायऱ्या असतात. विषय सोडून भरकटला असेल तर १ गुण, मुद्दे आहेत पण सुटे सुटे असतील तर ३, एकातून दुसरा मुद्दा निघत गेला असेल तर ५. शिक्षकाला गुण का दिले ते सांगता येतं आणि विद्यार्थ्याला ते का गेले ते कळतं. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये नुसत्या गुणांऐवजी ‘समग्र प्रगती पुस्तका’ची कल्पना आली. तेव्हापासून आपल्या शाळांमध्येही हा शब्द जास्त ऐकू यायला लागलाय.

या तक्त्यात लाल रंगाचं नावही नसतं. बहुतेक वेळा तो काळ्या-पांढऱ्या झेरॉक्सवरच येतो. पण मूळचा लाल रंग जे काम करायचा, ते काम त्यात शिल्लक आहे. सुताराची रेघ करवतीच्या आधी पडायची. मठातली लाल ओळ प्रार्थनेच्या आधी वाचायची असायची. पोथीतली लाल खूण सूर लावायच्या आधी बघायची असायची.

म्हणूनच रुब्रिक आणि लाल शेरा हे एकाच रंगाचे असले तरी एकच नाहीत. शेरा म्हणजे नंतर सांगणं, रुब्रिक म्हणजे आधी सांगणं. शिक्षकाने रुब्रिक कपाटात ठेवलं आणि फक्त गुण देताना बाहेर काढलं, तर तो नावापुरता रुब्रिक. मुलांच्या दृष्टीने ती पुन्हा लाल शाईच झाली.

तेव्हा पुढच्या वेळी शाळेच्या ग्रुपवर ‘मूल्यमापन रुब्रिकनुसार होईल’ असा मेसेज आला की अंगठा दाखवून मोकळं होऊ नका. सरळ विचारा, ‘सर, रुब्रिक आधी मिळेल का?’ दोन हजार वर्षांपूर्वीच्या रोमन सुतारालाही हा प्रश्न लगेच पटला असता.